पिवळा झालेला एक खळगा आणि तुमचा ५-१-१ : डॉ. मायकेल हॉटन यांना अनावृत पत्र

आदरणीय डॉ. हॉटन,

सप्रेम नमस्कार.

यकृताचा आजार करणारा हिपॅटायटिस सी विषाणू तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलात, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण काही आभार मायबोलीत मानल्याशिवाय मानल्यासारखे वाटत नाहीत. शिवाय पाठवण्याआधी ते माझ्या आईला वाचून दाखवायचं आहे. ती वाक्यावाक्याला थांबवून "म्हणजे काय?" असं विचारणार, तेव्हा तिला कळेल अशा बेताने लिहिते.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रक्तदात्यांच्या पिशव्या आल्या की त्यांच्या नमुन्यांची तपासणी करणं हे माझं रोजचं काम. प्लॅस्टिकच्या एका प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी हिपॅटायटिस सी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यात दात्याचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, घालायचा, थांबायचं, धुवायचं, पुन्हा दुसरं द्रावण घालायचं, पुन्हा धुवायचं. ज्याच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराने त्याच्याशी लढायला बनवलेली प्रथिनं, असतील त्याचा खळगा शेवटी निळा होतो आणि आम्लाचे थेंब पडले की पिवळा. बाकीचे पाण्यासारखे राहतात.

माझा जन्म १९८६ चा. बाळंतपणात आईला फार रक्तस्राव झाला आणि दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. त्या रक्ताने ती वाचली, आणि त्याच रक्तातून तिच्या यकृतात हा विषाणू शिरला असावा. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. रक्तात काय शोधायचं हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हीसुद्धा तेव्हा चार वर्षं शोधतच होतात.

आईला ते रक्त कायम आठवायचं. "घेतलंय तर परत करायला हवं," असं ती म्हणायची, पण दर वेळी हिमोग्लोबिन कमी भरायचं. २०१० साली एकदाचं पुरेसं भरलं आणि ती माझ्याच रक्तपेढीत येऊन रक्त देऊन गेली. घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लग्नकार्य पार पडल्यासारखं समाधान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्लेटमध्ये एक खळगा गर्द पिवळा आला. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. नियमाप्रमाणे मी तो नमुना पुन्हा दोनदा लावला. दोन्ही पिवळे. नंबर वहीत लिहिला, पिशवी बाजूला काढली आणि पुढच्या कामाला लागले. दुपारी आमच्या डॉक्टरांनी मला आणि आईला एकत्र बोलावलं, तेव्हा तो नंबर कुणाचा होता ते कळलं.

त्या रात्री मी तुमच्याबद्दल वाचायला घेतलं. किट रोज हाताळत होते, पण ते आलं कुठून हे कधी शोधलं नव्हतं, याची फार खंत वाटली. तेव्हापासून वाचतेच आहे.

आईसाठी थोडं मागून सांगते. हिपॅटायटिस बी चा धागा ब्लुमबर्ग या शास्त्रज्ञांना साठच्या दशकात मिळाला आणि ए चा विषाणू १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. रक्त घेतल्यानंतरच्या काविळीचं कोडं आता सुटणार असं वाटत असतानाच, १९७५ मध्ये हार्वी ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की त्यातले बरेच रुग्ण ए चेही नाहीत आणि बी चेही नाहीत. मग त्या आजाराला नाव पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. आजार काय नाही एवढंच सांगणारं नाव.

१९८२ साली तुम्ही कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत या शोधाला लागलात. विषाणू प्रयोगशाळेत वाढत नव्हता, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नव्हता, रक्तात असायचा तोही इतका थोडा की हाती लागू नये. माणसाखेरीज त्याची लागण होई ती फक्त चिंपांझीला. त्या मुक्या जिवांचं ऋण या पत्रात लिहून ठेवायलाच हवं. तुम्ही, क्वी-लिम चू आणि तुमचे सहकारी आजारी यकृत आणि निरोगी यकृत यांतला फरक शोधत राहिलात. एक पद्धत फसली की दुसरी, दुसरी फसली की तिसरी. अशी वर्षांवर वर्षं गेली. मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे रिकामा निकाल हातात धरून घरी जाणं म्हणजे काय याची मला थोडीफार कल्पना आहे. एखादी प्लेट बिघडली तरी माझा दिवस वाईट जातो.

त्याच काळात, १९८६ मध्ये, तुमच्या गटाने हिपॅटायटिस डेल्टा या दुसऱ्याच विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, मात्र उलगडला. वर्तुळाकार आरएनएचा जेमतेम १,७०० अक्षरांचा तो विषाणू, बी विषाणूच्या आधाराशिवाय पसरू न शकणारा. मी जन्मले ते हेच वर्ष. तेवढ्या यशावर थांबून तुम्ही दुसरीकडे वळला असतात तर कुणी नावं ठेवली नसती.

मग ती शेवटची पद्धत. डॅनिएल ब्रॅडली यांनी लागण झालेल्या चिंपांझीचा प्लाझ्मा पुरवला होता. त्यातलं जे काही जनुकीय द्रव्य असेल ते, कशाचं आहे हे न बघता, सगळंच तुकड्यातुकड्याने डीएनएत उतरवायचं. ते तुकडे बॅक्टेरियावर वाढणाऱ्या फाज विषाणूंत घालायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा आपलं आपलं प्रथिन बनवेल. आणि मग नॉन-ए, नॉन-बी झालेल्या एका रुग्णाचा सीरम त्यावर सोडायचा. त्या रुग्णाच्या शरीराने शत्रूला ओळखलं असेल, तर त्याच्या अँटिबॉडी नेमक्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटतील. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज कुओ यांनी हा मार्ग उचलून धरला. यात मोठी जोखीम होती, कारण अशा अँटिबॉडी पुरेशा असतात की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. आई, म्हणजे असं समज की चोराला कुणी पाहिलेलं नाही, पण ज्याच्या घरी चोरी झाली त्याला अंधारात त्याचा आवाज ऐकू आला होता. त्या माणसाला दहा लाख आवाज ऐकवायचे आणि विचारायचं, यातला कुठला?

सुमारे दहा लाखांतून एक निघाला. क्लोन ५-१-१, पुढे ज्याला हिपॅटायटिस सी म्हटलं गेलं त्या विषाणूचा तुकडा. लांबी अवघी १५५ अक्षरं.

मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्याच्यानंतरच्या कामाचा. इतकी वर्षं वाट पाहून हाती आलेला तुकडा बघितला की माणूस ओरडत सुटेल. तुम्ही लोक तो खोटा ठरतोय का हे तपासत बसलात. तो माणसाच्या किंवा चिंपांझीच्या स्वतःच्या डीएनएत सापडतो का? नाही. लागण झालेल्या जनावरात त्याच्याशी जुळणारा आरएनए आहे आणि निरोगी जनावरात नाही, असं आहे का? आहे. आजाऱ्यांच्या अँटिबॉडी त्याला ओळखतात आणि इतरांच्या नाही ओळखत? हो. त्या तुकड्याच्या कडेने पुढेमागे सरकत मग आख्खा जीनोम वाचला गेला, सुमारे ९,६०० अक्षरांचा. फाटक्या पोथीचं एक चिटोरं मिळावं आणि त्यावरून सगळी पोथी लावावी, तसं. ऑल्टर यांच्याकडे सांकेतिक नंबर घातलेले नमुने होते. कोणता आजाऱ्याचा आणि कोणता निरोगी माणसाचा हे फक्त त्यांना माहीत. 'आमच्याकडे चाचणी आहे' म्हणत आधी आलेले सगळे तिथे नापास झाले होते. तुमची चाचणी उतरली.

२१ एप्रिल १९८९ च्या 'सायन्स'मध्ये दोन निबंध छापून आले आणि १९९० पासून रक्तपेढ्यांना चाचणी मिळू लागली. पहिल्या किटमध्ये ५-१-१ च्या आसपासचाच भाग वाढवून केलेलं प्रथिन होतं. आज मी वापरते त्यात आणखी प्रथिनांचे तुकडे असतात, चाचणी पुष्कळ सुधारली आहे. पण माझ्या मनात अजूनही प्रत्येक खळग्याच्या तळाशी तुमचा तो तुकडाच आहे. रोज ९६ वेळा.

आईच्या उपचाराचं लांबवत नाही. पहिल्यांदा इंटरफेरॉनची इंजेक्शनं, आठवड्याला एक, ४८ आठवडे, सोबत रिबाविरिनच्या गोळ्या. ताप, अंगदुखी, केसांचे पुंजके उशीवर. ती कुणावर कधी आवाज न चढवणारी बाई, त्या वर्षभरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. विषाणू गेला आणि सहा महिन्यांत परत आला. ती म्हणाली, "आता पुरे."

२०१६ मध्ये नव्या गोळ्या सुरू झाल्या. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, दिवसातून एकदा, १२ आठवडे. सोफोसबुविर शरीरात गेल्यावर विषाणूच्या लिपीतल्या अक्षराचं रूप घेतो. विषाणूचं विकर (एन्झाइम) नक्कल करताना ते अक्षर ओळीत बसवतं आणि पुढचं अक्षर जोडताच येत नाही, नक्कल तिथेच तुटते. हे विकर आहे हे कळलं ते तुमच्या गटाने वाचलेल्या पोथीतून. ती पोथी प्रयोगशाळेत जिवंत करून दाखवण्याचं काम चार्ल्स राइस आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी केलं, गोळी घडवली मायकेल सोफिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचेही आभार याच पत्रात मानते. आई रोज गोळी घेऊन कॅलेंडरवर फुली मारायची. ८४ फुल्या. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रिपोर्ट आला : 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. ते तीन शब्द मी तिला तीनदा वाचून दाखवले.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. २०१३ मध्ये कॅनडाचा मानाचा गेर्डनर पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तुम्ही तो नाकारलात, कारण चू आणि कुओ यांची नावं त्यात नव्हती. २०२० चं नोबेल ऑल्टर आणि राइस यांच्याबरोबर तुम्ही स्वीकारलंत, तेव्हाही त्या दोघांची आठवण तुम्ही सोडली नाहीत. आमच्यासारख्या, ज्यांची नावं कुठल्याच निबंधावर येत नाहीत अशा हातांना यातून किती बळ मिळतं, हे तुम्हाला सांगायचं होतं. मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना विषाणूच्या आधी ही गोष्ट सांगते. तिन्ही नावं फळ्यावर लिहून.

सतराव्या वर्षी पाश्चरबद्दल वाचून तुम्ही या वाटेला लागलात, आणि अजून थांबलेला नाहीत. अल्बर्टा विद्यापीठात तुम्ही लशीच्या मागे आहात. हा विषाणू नक्कल करताना चुका करत जातो आणि त्या चुकांमुळेच सतत रूप बदलतो, म्हणून लस इतकी अवघड, हे मी समजू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आजही जवळपास ५ कोटी लोकांच्या अंगात तो आहे. गोळी आहे, पण त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय हेच माहीत नाही. आईलाही २४ वर्षं माहीत नव्हतं.

ती आता बरी आहे. विषाणू गेला तरी अँटिबॉडी रक्तात राहतात, त्यामुळे तिचा खळगा आजही पिवळाच येईल आणि तिला पुन्हा कधी रक्त देता येणार नाही. हे ऐकून ती दोन दिवस गप्प होती. मग एका शिबिराला माझ्याबरोबर आली. पहिल्यांदा रक्त देणारी, सुई बघून घाबरलेली मुलं असतात ना, त्यांच्या उशाशी ती बसते आणि पिशवी भरेपर्यंत त्यांचा दुसरा हात धरून ठेवते. आता प्रत्येक शिबिराला येते.

हे पत्र लिहितेय म्हटल्यावर तिने एक निरोप द्यायला सांगितलंय, तो तिच्याच शब्दांत लिहिते : "त्यांना म्हणावं, माझ्या मुलीच्या वेळी तुम्ही शोधत होतात, नातीच्या वेळी तुम्हाला सापडलेलं होतं. तिच्या आईला चढवलेली पिशवी तपासलेली होती."

तुमची कृतज्ञ,
रक्तपेढीतली एक तंत्रज्ञ