हाती डिजिटल स्कॅनर : खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

संपादक महोदय,

हातात मावणाऱ्या, एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत इतरांची रेडिओ संभाषणे ऐकवणाऱ्या डिजिटल रेडिओ स्कॅनरविषयी वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञान पानांवर अधूनमधून मजकूर येतो. त्यात बहुधा एवढेच असते की, संच अमुक मेगाहर्ट्झपासून तमुक मेगाहर्ट्झपर्यंत सगळे पकडतो. आकडा खरा असतो, पण त्यावरून घेणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. आधी पाहायचे ते हे की, आपल्याला जे ऐकायचे आहे ते कोणत्या प्रणालीवर चालते. ते न पाहता घेतलेला चांगला संचही कपाटात जाऊन पडतो आणि दोष मात्र संचाच्या माथी येतो.

विमानांचे संभाषण आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात साध्या एएमवर चालते. जहाजांचा चॅनल १६ हा १५६.८ मेगाहर्ट्झवर, एफएममध्ये. एवढेच ऐकायचे असेल तर डिजिटल स्कॅनरवर पैसे घालू नयेत, साधा ॲनालॉग संच पुरतो. पी-२५, डीएमआर किंवा एनएक्सडीएन या डिजिटल रेडिओ प्रणाली ऐकायच्या असतील तरच डिजिटलची गरज. तिथेही नीट पाहावे लागते. पी-२५च्या पहिल्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर एकच संभाषण जाते, दुसऱ्या टप्प्यात तेवढ्याच जागेत वेळेचे दोन कप्पे करून दोन संभाषणे जातात. फक्त पहिला टप्पा येणाऱ्या जुन्या संचाला दुसऱ्याचे काहीच उलगडत नाही. टेट्रा ही आणखी एक डिजिटल प्रणाली तर बहुतेक हाती स्कॅनरना येतच नाही. युनिडेन या कंपनीच्या काही संचांत डीएमआर आणि एनएक्सडीएन पैसे भरून, त्या संचाच्या क्रमांकाशी जोडलेली किल्ली (कोड) घेतल्यावरच सुरू होतात. वापरलेला संच घेताना यातले काय सुरू केलेले आहे हे मेनूत उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आणि संभाषण एईएस-२५६सारख्या पद्धतीने कूटबद्ध असेल तर कोणताही स्कॅनर ते ऐकवणार नाही. कोणी विक्रेता तसे सांगत असेल तर तिथून निघावे.

ट्रंकिंग प्रणालीत संभाषणाला ठरलेली फ्रिक्वेन्सी नसते. एक कंट्रोल चॅनल सतत चालू असतो आणि, स्थानकावर गाडीचा फलाट पुकारावा तसा, कोणता टॉकग्रुप, म्हणजे आपसात बोलणारा गट, आता कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे ते सांगत राहतो. पी-२५मध्ये कंट्रोल चॅनलची फ्रिक्वेन्सी भरली की काम भागते, बाकीच्या फ्रिक्वेन्सी प्रणालीच कळवते. डीएमआरच्या कपॅसिटी प्लस किंवा कनेक्ट प्लससारख्या प्रकारांत मात्र प्रत्येक फ्रिक्वेन्सीसमोर तिचा चॅनल क्रमांक अचूक भरावा लागतो. पडद्यावर टॉकग्रुपचा आकडा उमटतो पण आवाज येत नाही, किंवा भलत्याच संभाषणाचा तुकडा कानावर पडतो, असे झाले तर आधी हे क्रमांक तपासावेत.

नवीन प्रणाली भरल्यावर थेट आयडी स्कॅनवर जाऊ नये. त्या स्थितीत संच फक्त यादीतले टॉकग्रुप ऐकवतो, आणि यादी रिकामी असेल तर पूर्ण शांतता. आधी काही दिवस सगळे टॉकग्रुप ऐकवणाऱ्या आयडी सर्चवर ठेवावे, जे आकडे येतील त्यांची वेळ आणि विषय टिपावा, मग नावे देऊन यादी करावी. ट्रंकिंग नसलेल्या साध्या डिजिटल चॅनलवर त्याचा ओळख कोड, म्हणजे पी-२५चा एनएसी किंवा डीएमआरचा कलर कोड (० ते १५), माहीत नसेल तर ती जागा सर्चवरच असू द्यावी. चुकीचा कोड भरला तर सिग्नल येऊनही संच गप्प राहतो. आणखी एक नेहमीची गफलत चॅनल वगळणाऱ्या अव्हॉइड बटणाची. तात्पुरता वगळलेला चॅनल संच बंद करून सुरू केला की परत येतो, कायमचा वगळलेला येत नाही. एखादा चॅनल अचानक मुका झाला तर फर्मवेअरच्या (संचातल्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागण्याआधी हे पाहून घ्यावे.

सगळ्यात जास्त तक्रारी सिमलकास्टच्या असतात, आणि याबद्दल लिहिले सगळ्यात कमी जाते. सिमलकास्टमध्ये मोठा भाग व्यापण्यासाठी अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी तेच प्रसारण करतात. पी-२५च्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४,८०० चिन्हे (डिजिटल माहितीचे तुकडे) जातात, म्हणजे एका चिन्हाला सुमारे २०८ मायक्रोसेकंद मिळतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. दोन मनोऱ्यांच्या आपल्यापासूनच्या अंतरात १५ किलोमीटरचा फरक असला तर दुसरा सिग्नल ५० मायक्रोसेकंद, म्हणजे चिन्हाचा जवळपास चौथा भाग, उशिरा पोहोचतो. चिन्हे एकमेकांवर चढतात आणि साध्या एफएम पद्धतीच्या स्कॅनरला ती वेगळी करता येत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या, पण आवाज तुटक, बुडबुड्यांसारखा, आणि चार पावले सरकले की स्वच्छ.

अशा वेळी लोक हमखास मोठा अँटेना आणतात, आणि त्याने त्रास वाढतो, कारण लांबचे मनोरेही जोरात येऊ लागतात. उलट करून पाहावे. सिग्नल क्षीण करणारा अटेन्युएटर चालू करावा, आखूड अँटेना लावावा, संच शरीराच्या अशा बाजूला धरावा की नको असलेला मनोरा अंगाआड जाईल. खिडकी बदलून पाहावी. एका जागी बसून ऐकणाऱ्याने एकाच दिशेने ऐकणारा यागी अँटेना एकाच मनोऱ्याकडे रोखावा. फिरताना ऐकायचे असेल तर मात्र हे उपाय अपुरे पडतात. त्यासाठी सिग्नलची तीव्रता आणि कला (फेज) दोन्ही मोजणारा आय-क्यू पद्धतीचा संच लागतो. २०१८ साली आलेला युनिडेनचा एसडीएस-१०० याच कामासाठी बनवला गेला. सिमलकास्टच्या भागात राहणाऱ्याने इथे काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिग्नलच्या पट्ट्या कमी आणि आवाज तुटक असेल तर मात्र दोष खरोखर अँटेनाचा. ॲनालॉगमध्ये सिग्नल घटला की खरखर वाढते, पण शब्द कळतात. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत सगळे स्वच्छ आणि त्याखाली काहीच नाही. सोबत येणारा रबरी अँटेना सगळ्या फ्रिक्वेन्सींसाठी तडजोड असतो. पाव लहरीच्या अँटेनाची मीटरमधील लांबी ७५ला मेगाहर्ट्झने भागून मिळते: १५० मेगाहर्ट्झला ५० सेंटिमीटर, ४५०ला साधारण १७, ८५०ला ९च्या आत. प्रत्यक्षात सुमारे ५ टक्के कमी ठेवावी. गच्चीवर अँटेना लावून आरजी-५८ची लांब वायर खाली आणली तर ४५० मेगाहर्ट्झला ३० मीटरमध्ये सुमारे १० डेसिबल, म्हणजे आलेल्या शक्तीपैकी नऊ-दशांश, वाटेतच जाते. जवळ एफएम प्रसारणाचा मनोरा असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ रोखणारा नॉच फिल्टर मध्ये बसवावा. त्याने विमानांचा पट्टा बहुधा लगेच मोकळा होतो. अँटेना जिथे बसतो ती एसएमए जोडणी नाजूक असते. तिच्यावर जाड वायरीचा भार टाकू नये, मध्ये लवचिक तुकडा घालावा.

सुट्या सेलवर चालणाऱ्या संचात अल्कलाइन सेल घालून चार्जिंग लावू नये, ते गळतात किंवा फुटतात. निकेल मेटल हायड्राइड सेल वापरावेत आणि संचातल्या सेलच्या प्रकाराची निवड त्याप्रमाणे करावी. मेमरी कार्डावरचा सगळा फोल्डर संगणकावर उतरवून ठेवावा. लिहिणे चालू असताना सेल संपले तर कार्ड बिघडते आणि महिनाभराची यादी जाते.

कायद्याची माहिती खरेदीआधीच काढावी. कुठे संच बाळगायलाही परवाना लागतो. ब्रिटनमध्ये २००६च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणे गुन्हा आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या स्कॅनरमधून जुने सेल्युलर पट्टे १९९४पासून बंद ठेवावे लागतात. ऐकलेले दुसऱ्याला सांगण्याचे नियम तर कित्येक ठिकाणी ऐकण्याहून कडक आहेत. संकटातल्या माणसाचे नाव-पत्ता कानावर पडला तर तो पुढे पाठवू नये, मग कायदा काहीही म्हणो.

आपल्या पानावर एखाद्या स्कॅनरचे परीक्षण छापायचे झाल्यास एक विनंती आहे. फ्रिक्वेन्सीच्या आकड्याऐवजी, जादा किल्ली न घेता तो कोणत्या प्रणाली उलगडतो ते लिहावे. आणि तो सिमलकास्टच्या भागात, घरात बसून आणि चालत्या गाडीत, दोन्हीकडे ऐकून पाहिल्यावरच मत द्यावे.

आपला,
एक वाचक