आधी हे पत्र वाचा, मग माळा साफ करा

बिएल्ला, इटली

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काकू फोनवर म्हणाली, माळ्यावरच्या कॅसेटा तुम्ही भंगारात काढताय. जरा थांबा.

मी लोकरीच्या गिरणीत कामाला आलोय खरा, पण हे गाव निघालं तुमच्या केबलच्या धंद्याचं आजोळ. सत्तरीच्या सुरुवातीला इटलीत टीव्ही म्हणजे ‘राय’ ही सरकारी टीव्ही कंपनी, दुसरं कुणी नाही. त्या रायमध्ये दिग्दर्शक असलेला पेप्पो साक्की नावाचा गडी इथला. इथं वृत्तपत्र काढायचं तर कोर्टात नोंद करावी लागते. त्यानं एप्रिल १९७१ मध्ये बिएल्लाच्या कोर्टात नोंद केली, ती व्हिडिओवरून निघणाऱ्या नियतकालिकाची! छापायचं काही नाही, वायरनं घरोघर पोचवायचं. नाव तेलेबिएल्ला. १९७२ मध्ये कार्यक्रम सुरू झाले, पडद्यावर त्याची बायको इव्हाना रामेल्ला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. म्हणजे आपल्याकडं सरकारी टीव्हीचा नारळ फुटत होता, तेव्हा हे नवराबायको त्यातून पळवाट काढत होते.

सरकारला ते कुठलं खपायला? १९७३ मध्ये नवा कायदा आणून केबलही सरकारी मक्तेदारीत ओढली आणि पोस्टखात्याचा मंत्री जोया यानं बंदीचा हुकूम काढला. १ जूनला माणसं आली आणि वायर तोडून गेली. पोस्टखातं, काका! १९९५ चा केबल कायदा आल्यावर तुम्ही हेड पोस्टात नोंदणीला रांगेत उभे होता ना, तेच खातं. आपल्याकडं त्यानं पावती दिली, इथं कात्री लावली. गंमत म्हणजे या वायरीच्या भांडणात रिपब्लिकन पक्षानं सरकारचा पाठिंबा काढला आणि त्याच जूनमध्ये रोममधलं पंतप्रधान आन्द्रेओत्तीचं सरकार पडलं. गावातल्या केबलवाल्यानं एवढं करावं!

प्रकरण घटना न्यायालयात गेलं. जुलै १९७४ मध्ये निकाल लागला : स्थानिक केबलला मोकळीक. १९७६ मध्ये दुसरा निकाल, स्थानिक स्टेशनांना हवेतूनही प्रक्षेपण करता येईल. मग गावोगाव चॅनेलं उगवली. मिलानजवळच्या एका वसाहतीत केबलवर सुरू झालेलं टेलेमिलानो पुढं उद्योगपती बेर्लुस्कोनीचं ‘कनाले ५’ हे मोठं चॅनेल झालं. वाट साक्कीनं पाडली, गाडी भलत्याचीच पळाली. हे तुम्हाला मी काय सांगू? मोठ्या कंपनीचं कनेक्शन गल्लीत आलं तेव्हा तुम्ही डिशच्या खाली बसून चहा पीत होता, एक शब्द बोलला नाहीत.

मला मात्र तुमची ती खोलीच आठवते. कूलरचा ओला वास, दोन व्हीसीआर, चित्राला मुंग्या आल्या की कोरी दहाची नोट स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसणारे तुम्ही. खाली सरकणाऱ्या पट्टीत ‘माग विकणे आहे’. आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी लावली की प्रत्येक मंडळाचा फोन, आमचं परत दाखवा.

इचलकरंजीचं ते सगळं त्या कॅसेटांतच आहे, दुसरीकडं कुठं नाही. बुरशी धरली असेल तर पुसू नका, उन्हातही ठेवू नका, कोरड्या जागी उभ्या रचा. दिवाळीला येतोय. व्हीसीआर चालू करून ठेवा, आणि दहाची नोट मी आणतो.

काकूला नमस्कार.

आपला,
बंड्या