पोळ्या कमी करण्याआधी गोळ्यांचं बघ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले रिपोर्ट वाचले. उपाशीपोटीची साखर 172, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, 8.6. सोमवारपासून पोळी, भात, बटाटा, फळं सगळं बंद करून अंडी, पनीर आणि पालेभाज्यांवर राहायचं ठरवलंयस, तेही वाचलं. त्याने खरंच फरक पडतो का, असं तू विचारलंस.

पडतो. टाइप 2 मधुमेहात पिष्टमय पदार्थ कमी केले की साखर उतरते, यात शंका नाही. पोळी-भाताचं पोटात शेवटी ग्लुकोजच होतं, आणि नेमकं तेच तुझ्या शरीराला आवरेनासं झालंय. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2021 साली 23 चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. कमी कर्बोदकं खाणाऱ्यांपैकी शंभरातल्या सुमारे 57 जणांचं एचबीएवनसी सहा महिन्यांत 6.5 च्या खाली आलं, इतर आहार घेणाऱ्यांत 31 जणांचं. त्यातले काही गोळ्या घेतच होते, हेही लक्षात ठेव. वर्षाअखेरीला मात्र हा फरक बराच ओसरला होता. मला वाटतं, माणसं हळूहळू जुन्या ताटाकडे वळतात, म्हणून तसं होत असावं. सोमवारी किती बंद केलंस याचं मला फारसं कौतुक नाही. पुढच्या दिवाळीत तुझ्या ताटात काय असेल, त्याची मला जास्त काळजी आहे.

त्याहून मोठी काळजी तुझ्या चिठ्ठीवरच्या मधुमेहाच्या तीन गोळ्यांची आहे. मेटफॉर्मिनची चिंता नको, तिच्या एकटीने साखर फारशी खाली जात नाही. पण ग्लिमेपिराइड तू जेवलास की नाही ते बघत नाही, ती इन्सुलिन सोडायला लावतेच. नवरात्रात आमच्या वॉर्डात दरवर्षी असे पेशंट यायचे. उपास कडक आणि गोळी मात्र रोजच्यासारखी. रात्री घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटायचं, अंगात आलं किंवा चक्कर आली. मशीनवर साखर बघावी तर पन्नासच्या आसपास. तू एकदम पोळी-भात सोडलास आणि गोळी तेवढीच ठेवलीस, तर तुझंही तसंच होऊ शकतं. साखर 70 च्या खाली दिसली, तर त्या क्षणी पथ्य बाजूला ठेवायचं, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या वेळी पनीर खाऊन भागत नाही.

डापाग्लिफ्लोझिनचं आणखी वेगळं आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीलाही जपतं. पण ती चालू असताना कर्बोदकं जवळजवळ बंद केली, की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून बनणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात वाढून जिवावर बेतू शकतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं. आणि यातली फसवी गोष्ट म्हणजे मशीनवर साखर 180-200 दिसते, म्हणून पित्त झालं समजून माणूस घरीच बसतो. असं काही झालं तर थेट दवाखान्यात जायचं, गोळीचं नाव सांगायचं आणि कीटोन तपासा म्हणून सांगायचं. हे सूनबाईलाही वाचून दाखव.

‘मी तर जाड नाही, मला कसा झाला?’ असं तू फोनवर म्हणालास. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. आपली ठेवण अशी आहे. हातपाय बारीक, चरबी पोटात. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत लोकांना काही महिने दिवसाला जेमतेम 850 कॅलरींच्या पेयांवर ठेवलं, तेव्हा वर्षभरात 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला. त्या पेयांतल्या निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांच्याच होत्या! म्हणजे यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरणं हे खरं काम. पोळी कमी करणं हा तिथे जायचा एक रस्ता आहे, एकमेव नाही.

आता ताटाचं. भाकरीला साखर नसते, ही समजूत काढून टाक. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठात 64. भाकरी चांगली, पण दोन मोठ्या भाकरी म्हणजे दोन मोठ्या भाकरीच. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, एकादशीला तो नकोच.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत भारतीयांच्या 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात असं दिसलं. त्याच संशोधकांनी 2022 मध्ये 18,090 लोकांच्या आहारावरून हिशेब मांडला, की नव्याने मधुमेह झालेल्यांनी ते प्रमाण 49 ते 54 टक्क्यांवर आणावं आणि प्रथिनं 20 टक्क्यांपर्यंत वाढवावीत. हा प्रयोग नव्हे, गणित आहे, पण मला ते पटतं. 1,800 कॅलरींच्या जेवणात 62 वरून 50 वर यायचं म्हणजे दिवसाला साधारण 54 ग्रॅम कर्बोदकं कमी, म्हणजे आपल्या दोन मोठ्या घडीच्या पोळ्या. एवढंच. त्यांच्या जागी दोन अंडी, वाटीभर दही, घट्ट उसळ, नाहीतर बांगडा. भात अर्धी वाटी, तोही कोशिंबीर आणि भाजी खाऊन झाल्यावर. वरण-उसळीतही पिष्ट असतं, म्हणून उसळीसोबत पोळी एकच. घरात सगळ्यांचं हेच जेवण असू दे. वेगळा स्वयंपाक करून कुणाचं पथ्य वर्षभर टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

साखर जेवणाआधी आणि जेवल्यावर दोन तासांनी बघून वहीत लिही. पोह्यांनी किती चढली आणि ऑम्लेटने किती, ते तुझं तुलाच कळेल.

सोमवार पुढे ढकल. आधी डॉक्टरांची वेळ घे आणि आहार बदलतोय हे सांग. ग्लिमेपिराइड किती कमी करायची आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवायची का, हे विचार. मनाने एकही गोळी सोडू नकोस. प्रथिनं वाढवायची तर किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घे, आणि डोळ्यांचा पडदाही. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी फोन करून सांग.

तुझी,
आई