बाबा, आधी अर्थिंगच बघितलं

लंडन,
२३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी स्टुडिओत हमिंग मारायला लागलं. गायिका आत तयार उभी, तासाचं भाडं चालू, आणि स्पीकरमधून ते ‘ऊंऽऽ’. मला क्षणभर आपण साउंड लावतो तशा एखाद्या मांडवातच उभी असल्यासारखं झालं. इथली वीजही आपल्यासारखी ५० हर्ट्झची, त्यामुळे हमिंगचा सूर अगदी तोच. तोंडून मराठीतच निघून गेलं, ‘आधी अर्थिंग बघा.’ कीबोर्ड एका भिंतीवरच्या बोर्डाला होता, मिक्सर दुसऱ्या. दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जाऊन केबलमधून पुन्हा एकमेकांना मिळत होतं, त्याचाच तो ‘ऊंऽऽ’. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि खोली एकदम शांत झाली. आमच्या इंजिनिअर बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी सांगितलं, वडिलांकडे, पुण्याला.

निघताना तुम्ही विचारलं होतं, लॉ कॉलेज रोडवर, प्रभातच्या जागेत, १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे साउंड शिकवतात, मग एवढ्या लांब कशाला? तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. मला वर्गात बसून शिकायचंच नव्हतं. तुमच्याबरोबर टेम्पोत बसून जसं शिकले तसंच पुढचं शिकायचं होतं, आणि इथे ते मिळतंय. पहिले दोन महिने फक्त केबली गुंडाळल्या. आपण तळहात आणि कोपराभोवती गुंडाळतो ना, त्याने दर वेढ्याला वायरला आतून पीळ बसतो आणि काही महिन्यांनी ती टोकाशी तुटते. इथे एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा घेतात. एकाचा पीळ दुसरा काढतो, आणि वेटोळं फेकलं की वायर गाठ न पडता सरळ उलगडते. दर गणपतीनंतर तपकीर गल्लीतून आणलेल्या पिना जोडत तुम्ही रात्र रात्र बसता. यंदा पोरांना हे एवढं शिकवाच.

आता तबल्याचं सांगते. इथलाच एक मुलगा तबला रेकॉर्ड करायला आला होता. बाई म्हणाल्या, माईक तू लाव. मी एक माईक दायाच्या, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याच्या, पुडीपासून वीतभर अंतरावर लावला आणि दुसरा वर, जरा मागे. एकेकटा ऐकला तर दोन्ही सुरेख. दोन्ही एकत्र उघडले आणि तबला पोकळ झाला, पत्र्याच्या डब्यावर थाप मारावी तसा. मी इक्वलायझरची, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची, बटणं फिरवत बसले. वीस मिनिटं गेली, बाई काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मोजायचा टेप आणून माझ्या हातात ठेवला. दुसरा माईक पहिल्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब निघाला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तिथे पोचायला त्याला १ मिलिसेकंद उशीर. तेवढ्या उशिरात ५०० हर्ट्झच्या आसपासची लाट बरोब्बर उलटी होते आणि दोन माईक एकमेकांचा आवाज खातात. तबल्याचा गाभाच तिथे असतो, तो गेला होता. दुसरा माईक खाली आणला, दोन्हींचं पुडीपासूनचं अंतर सारखं केलं. ‘ना’ वाजला आणि मला रडूच आलं बाबा. बटणाला हातही न लावता तो परत आला होता.

भजनाच्या कार्यक्रमात तुम्ही नेहमी मांडवाच्या मधोमध जाऊन उभे राहायचात, डोळे मिटायचात आणि तिथूनच ओरडायचात, ‘एक माईक काढ!’ लोकांना वाटायचं, सामान वाचवतायत. तुम्ही हेच ऐकत होतात. माझ्या वहीत ते आता आकड्यांत लिहिलेलं आहे, पण ऐकू यायला लागलं ते तुमच्यामुळे. याच शहरात अॅलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची एक रीत अशी की दोन माईक अगदी एकाच जागी, फक्त काटकोनात वळवून ठेवायचे. मग उशिराचं भांडणच राहत नाही. परत आल्यावर आपण दोघं ते करून बघू.

एक गोष्ट फोनवर टाळत होते. आई म्हणते, तुम्ही टीव्ही फार मोठा लावता आणि उजव्या कानात शिट्टी वाजते. इथे कामाच्या ठिकाणी दिवसाची सरासरी ८५ डेसिबलपर्यंत गेली की कान झाकणं कायद्यानेच सक्तीचं आहे. ८५ ला आठ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. विसर्जनाला तुम्ही सिस्टिमजवळ रात्रभर उभे असता. गेलेला कान परत येत नाही, त्याला औषध नाही. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. मी फोमचे प्लग पाठवतेय, पाच जोड्या, पोरांनाही द्या. माझ्यासाठी घाला. मला तुमचे कान अजून खूप वर्षं हवेत.

आणि एक काम. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवा, तिला विचारून, तिच्या कलाने. मधल्या खोलीत, दुपारी, रहदारी कमी असते तेव्हा. पंखा आणि फ्रिज बंद. फरशीवर सतरंजी, समोरच्या भिंतीला दोन गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही. मोबाइल विमान मोडवर टाकून तिच्या तोंडापासून हातभर लांब ठेवा, समोर नको, जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ चा वारा लागणार नाही. मध्ये थांबली तर थांबू द्या, बंद करू नका.

तिने गायला सुरुवात करण्याआधी मिनिटभर कुणीही बोलू नका, नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवा. ओव्यांमधल्या जागा सांधायला खोलीचा तो रिकामा आवाज लागतो. आणि तो मला तसाही ऐकायचा आहे.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुमची,
चिमी