खानापूरच्या काकांस, एका स्क्रूड्रायव्हरबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार घेत नाही. मी सुरुवात केली की तुम्ही यंदा काजूला मोहर कसा आलाय ते सांगायला लागता, नाहीतर 'रेंज नाही इथं, ठेवू काय' म्हणता. म्हणून जाहीर लिहिते आहे. चार लोकांनी वाचल्यावर तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

ज्यांना हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेळगावात राहून बोट घ्यायची म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग पाणी कुठं आहे ते विचारतात. माझी लेक लहानपणापासून पोहणारी. मामाकडे ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथं वेकबोर्डवर उभी राहून आली. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे, दोरी धरून बोटीमागं ओढलं जायचं आणि बोटीनं उठवलेल्या लाटेवरून उड्या घ्यायच्या, असा तो खेळ. परत आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. माझं उद्यमबागेत लहानसं मशीन शॉप आहे. लेथचं कर्ज फिटलं होतं, आणि खरं सांगायचं तर रविवारी पाण्यावर जाऊन नुसतं बसायची हौस मलाही होती. तिच्या फळीला आणि आमच्या फिरण्याला चालेल, खिशाला झेपेल अशी एकच सेकंडहँड बोट हवी होती.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांची नावं घेत नाही. एकानं फोनवरच बुकिंगची रक्कम मागितली, बोट बघायची गोष्ट नंतर. दुसऱ्यानं आमचं बजेट ऐकून 'मॅडम, यात जेटस्की बघा' म्हणून ठेवून दिला. तिसरा समुद्राकाठचा दलाल, त्याची बोट मात्र चकचकीत होती. वीस फुटी, मागं आत बसवलेलं इंजिन आणि बाहेर पाण्यात उतरणारा पाय, ज्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात ती जात. निळे दिवे, सहा स्पीकर, गार पाण्याचा डबा. हा गृहस्थ सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होता, ज्यांना पोहताही येत नाही आणि जे शाळेत इतिहास शिकवतात. मी इंजिन किती तास चाललंय ते विचारलं तर उत्तर यांच्याकडे बघून. लेकीनं विचारलं, हिच्यामागं दोरी सोडून नुसत्या लाटेवर सर्फ करता येईल का? तर म्हणतो, 'होईल की बेबी, सगळं होईल.'

या 'सगळं होईल'वर मी अजून चिडलेली आहे. तुम्ही नंतर तिला समजावलंत ते इथं मुद्दाम लिहिते, कारण हे वाचून कुणाचं पोर वाचलं तर बरं. वेकबोर्डला दोरीचं अंतर असतं, माणूस बोटीपासून पंधरा-वीस मीटर मागं राहतो, त्यामुळं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं इंजिन, किंवा स्टर्नड्राइव्ह यांच्यामागं ते चालतं. वेकसर्फिंगमध्ये माणूस बोटीच्या अगदी शेपटाशी असतो. आउटबोर्डचा आणि नेहमीच्या स्टर्नड्राइव्हचा पंखा बोटीच्या मागं बाहेर फिरत असतो. पडला की थेट त्याच्याच वाटेवर. ज्या खास बोटींचा पंखा बुडाखाली पुढं दडलेला असतो, तो खेळ त्यांच्यामागं करायचा. हे त्या दलालाला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तर तुम्ही. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं तुमचा नंबर दिला, 'नेव्हीतून रिटायर झालेत, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकलेत, अधूनमधून कारवारच्या मच्छीमारांची इंजिनं बघतात' एवढ्या ओळखीवर. तुम्ही आपल्या पैशानं एसटीत बसून आलात. मी गाडी पाठवते म्हटलं तर 'कशाला, सीट मिळतीय की' म्हणालात. येताना पिशवीत सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज, टॉर्च, एक लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाकरी.

दलालानं तुम्हाला चहा विचारला, दिवे लावून दाखवले, गाणं लावलं. तुम्ही गाणं बंद करायला सांगितलंत, एवढंच. मग पिशवीतून तो स्क्रूड्रायव्हर काढलात, आणि आम्ही सगळे तुम्ही काय करताय ते बघत असताना तो लेकीच्या हातात दिलात. उलटा धरून, मूठ पुढं. 'तू वाजव पोरी. मी ऐकतो. तुझे कान बारीक.'

तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही.

बोटीची मागची भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात, ती या जुन्या फायबरच्या बोटींत बहुधा आतून प्लायवूडची असते. वर फायबर, आत लाकूड. इंजिनाच्या पायाचा सगळा भार तिच्यावर. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरत राहिलं की आतलं लाकूड कुजतं आणि बाहेरून पॉलिश तसंच चमकत राहतं. लेक वरच्या कोपऱ्यापासून वाजवत निघाली. टण्, टण्, टण्. पायाच्या कटआउटजवळ आली आणि आवाज बद्द झाला. ती थांबली. परत वाजवलं. पुन्हा बद्द. तुम्ही विचारलंत, 'काय ऐकलीस?' ती म्हणाली, 'इथं भरीव नाही वाटत.' तुम्ही म्हणालात, 'मग बोल की मोठ्यानं, साहेबांना पण कळू दे.'

काका, इतक्या दिवसांत त्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं. पाण्यात पडणार ती, पाय फळीला बांधून घेणार ती, आणि बोट बघताना तिचं काम म्हणजे पुढच्या सीटवर बसून फोटो काढून घेणं. तुम्ही स्वतः ठोकून 'कुजलीय' म्हणाला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं, आणि तुमचा शब्द आम्ही मानलाच असता. तुम्ही पंधरा मिनिटं उन्हात उभे राहून तिला सगळी भिंत वाजवू दिलीत. तिनं खडूनं खुणा केल्या. शेवटी कुठवर कुजलंय याचा नकाशाच त्या चकचकीत बोटीवर उमटला. दलाल खडू पुसायला फडकं शोधत होता.

पुढचं पटापट झालं. खालच्या पायाचं गिअर ऑइल सोडलं तर दूध घातलेल्या चहासारखं, म्हणजे सील गेलेले आणि आत पाणी. भिंतीच्या भोकाला आतून जी रबराची घडीदार नळी असते, ते बेलोज, त्याला चिरा. ती फाटली तर बोट उभ्या जागी बुडते, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. मागं उजव्या अंगाला कोरलेला १२ अक्षरांचा हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, लेकीलाच वाचायला लावलात. अमेरिकन बांधणीच्या बोटींत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. दलालाच्या तोंडी २०१५ होतं, नंबरच्या शेपटाला ०८. आणि कागद? 'कागद येतील मागून.' इंजिनाच्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते, हेही तुम्ही त्याला अगदी गोडीत सांगितलंत. भांडण नाही, टोमणा नाही. निघताना त्याचे आभार मानलेत. मी असते तर काय बोलले असते ते जाऊ दे.

परतीच्या वाटेवर अनमोड घाटात चहाला थांबलो तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आम्हाला विचारलंत की बोट कुठं चालवणार. मी हिडकलचं धरण म्हटलं. राकसकोपचं नाव काढल्यावर मात्र तुम्ही हात जोडलात, 'ते बेळगावचं प्यायचं पाणी हाय ताई.' हिडकलला पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल, आणि दुसरं म्हणजे घटप्रभेचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. देऊळ तिथं गाव होतं, आणि गाव म्हणजे भिंती आणि झाडांची खोडं. पाणी अर्धवट असताना ते दिसत नाही, पंख्याला मात्र सापडतं. लहानपणापासून मी त्या देवळाचे फोटो बघत आले, त्यातलं हे गणित कधी सुचलं नव्हतं.

मग तुम्ही आमची निवड करून टाकलीत, म्हणजे आमच्याकडून करवून घेतलीत. काळी नदीचं मुख, सदाशिवगडाच्या खालचं पाणी. खारं, म्हणजे दर वेळी इंजिन गोड्या पाण्यानं धुवायचं. जवळ मरीन वर्कशॉप नाही, पण मच्छीमारांचे मेकॅनिक आहेत, आणि त्यांना आउटबोर्ड डोळे मिटून खोलता येतं. म्हणून आउटबोर्ड. वर उचललं की पाण्याबाहेर, चालू केलं की थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडताना दिसते, बंद झाली की कळतं. नौटिक, मास्टरक्राफ्ट, मालिबू वगैरेंच्या बोटींची लाट उत्तम, हे तुम्ही मान्य केलंत. इंजिन मागं, टाक्यांत पाणी भरून वजन वाढवायचं, म्हणून लाट भिंतीसारखी उठते, आणि वर दोरी बांधायचा टॉवर. पण पेट्रोल पिणार, किंमत आमच्या घराची, आणि नुसतं फिरायला जायचं तर ते सगळं ओझंच. अठरा फुटी बोरायडर, पुढं बसायला मोकळी जागा असलेली, ११५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक. लाट लहान, पण शिकणाऱ्याला लहानच बरी. दोरी आखूड, वेग पंचवीस-तीस किलोमीटर. 'टॉवर नंतर बघू. आधी तिला उभं राहू दे.'

शेवटी मिळालेली बोट दिसायला गबाळी आहे. रंग उडालेला, सीटा फाटलेल्या. ट्रान्सम लेकीनंच वाजवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत टण्. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन दहा टक्क्यांच्या आत. ट्रेलरसकट दीड टनाच्या आसपास, तर तुम्ही ट्रेलरला ब्रेक बसवल्याशिवाय घाट उतरू दिला नाहीत. पेट्रोलचंही तुम्हीच सांगितलंत. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्डांना दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मानवतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, टाकीत पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका. आपल्याच अथणी-चिकोडीच्या उसाचा रस आपल्याच इंजिनात जाऊन त्रास देतोय, यावर आपण दोघं हसलो होतो.

तुमचे नियम लेकीनं डॅशबोर्डला चिकटवलेत. बोटीच्या मागं जवळच पाण्यात पोर असेल तर इंजिन बंद. चालवणाऱ्याचं लक्ष पुढं, मागं बघायला दुसरा माणूस. किल स्विचची दोरी मनगटाला. इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या, पाण्यात उतरायच्या फळीवर कुणी बसायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस पाडतो. हे शेवटचं मला कोणत्याच विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं, सहा स्पीकरवाल्यानं तर नाहीच.

पैशाचं विचारलं तर तुम्ही कुंद्याचा डबा घेतलात, आणि त्यातला अर्धा शेतावरच्या बायकांना वाटला असं तुमच्या सूनबाईंनी सांगितलं. दलालाशी हिंदीत, ट्रेलरवाल्या अण्णांशी कन्नडमध्ये, कारवारच्या मेकॅनिकशी कोंकणीत, आमच्याशी मराठीत, सगळीकडे तुमचा आवाज तोच आणि तेवढाच. आपल्या भागात माणसं कुठल्या भाषेत बोलली यावरून किती रामायण होतं. ट्रेलरवाले अण्णा रात्री पावसात आमच्याबरोबर थांबले, जादा भाडं मागितलं नाही, 'तुमचे काका सांगितल्यात' म्हणाले. अशी माणसं अजून आहेत, फक्त ती जाहिरात करत नाहीत म्हणून आधी सापडतात ते दुसरेच.

लेक उभी राहते आता. पडतेही खूप. परवा तिच्या मैत्रिणीचे वडील बोट घ्यायची म्हणत होते, तर तिनं त्यांना ट्रान्सम म्हणजे काय ते चहा गार होईपर्यंत ऐकवलं, आणि 'मी येते वाजवायला' असं वर सांगितलं.

स्क्रूड्रायव्हर अजून तिच्याकडंच आहे. परत द्यायची तिची तयारी दिसत नाही. इंजिनाला थंडाव्याचं पाणी खेचणारा इंपेलर बदलायचा झालाय आणि त्या कामाला तुम्ही यावं असा तिचा हट्ट आहे, मी करते म्हटलं तरी ऐकत नाही. या वेळी एसटीनं येऊ नका, गाडी पाठवते, आणि भाकरी आमच्याकडची.

आपली,
उद्यमबागेतली ताई