आधी टॅपेट कव्हर उघडा

महोदय,

भातलावणीच्या तोंडावर आमच्या मुरबाडकडे छोटा ट्रॅक्टर अडला, की गॅरेजवाल्यांचं ठरलेलं पालुपद: 'इंजिन बोअरला आलंय', म्हणजे सिलिंडर झिजलेत, इंजिन खोलावं लागेल. आमच्याही ट्रॅक्टरला हाच निकाल मिळाला. इंजिन मिसिंग करत होतं (ठोके चुकवत होतं), एअर क्लीनरमधून फटफट धूर उलटा येत होता. असं झालं तर इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह नीट बसत नसतो, नाहीतर एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडतच नसतो. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप केबल ओढून, टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढून इंजिन हाताने फिरवलं. एक्झॉस्टचा एक रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा, जागचा हलेना! त्याला खालून ढकलणारा पुशरॉड काढून काचेवर लोळवला, तर डुगडुगत गेला. वाकडा.

नुसता नवा रॉड टाकून भागत नाही. व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (ज्या नळीत तो सरकतो तिच्यात) अडकलेला असला, तर नवाही वाकतो. म्हणून ते आधी पाहावं. रॉड सरळ असूनही रॉकर कमी उचलत असेल, तर रॉडला खालून उचलणारा कॅम किंवा त्या दोघांमधला टॅपेट झिजल्याचा संशय घ्यावा. तेव्हा इंजिन खोला, आमची ना नाही.

आयटीआयत 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा अभ्यासक्रम आहेच. कृषी विभागाने त्या मुलांना घेऊन पावसाआधी तालुक्यात तपासणी शिबिरं भरवावीत.

— एक ट्रॅक्टरमालक, मुरबाड (जि. ठाणे)