सुसंगततेच्या यादीत मॉडेल असूनही न चालणाऱ्या प्रोसेसरबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहकसेवा विभाग.

विषय : जुन्या डेस्कटॉप संगणकासाठी आपल्या संकेतस्थळावरून घेतलेला प्रोसेसर न चालणे, आणि तो परत घेण्यास आपल्या सर्व्हिस सेंटरने दिलेला नकार.

महोदय / महोदया,

मी तालुक्याच्या गावातील एका शासनमान्य ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या वतीने ही तक्रार आपल्याकडे नोंदवीत आहे. आमच्या अभ्यासिकेत तीन डेस्कटॉप संगणक आहेत. ते तिन्ही आपल्याच कंपनीचे, एकाच मॉडेलचे असून २०१२ च्या सुरुवातीला देणगीच्या रकमेतून घेतलेले आहेत. त्या वेळच्या आपल्या सर्वांत स्वस्त श्रेणीतले हे संगणक असले, तरी इतक्या वर्षांत त्यांच्या मदरबोर्डने (सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीने) किंवा वीजपुरवठ्याच्या संचाने आम्हाला कधी त्रास दिला नाही, हे मी आधीच नमूद करतो. आमची तक्रार त्या संगणकांबद्दल नाही. त्यांच्यासाठी म्हणून आपण अलीकडे जे विकले, त्याबद्दल आहे.

या संगणकांत इंटेलचा पेंटियम जी६३० हा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर असून मदरबोर्डावर एच६१ चिपसेट (प्रोसेसर व इतर भागांचा दुवा सांभाळणारी चिप) आणि एलजीए ११५५ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची खाच) आहे. रॅम आम्ही पूर्वीच ८ जीबी केली होती आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली होती. त्यामुळे संगणक चालू व्हायला पूर्वीइतका वेळ लागत नाही, पण एकदा ब्राउझर उघडला की दोन कोअरचा (दोन गणनकेंद्रांचा), २.७ गिगाहर्ट्‌झचा हा प्रोसेसर पुरा पडत नाही. पुस्तकांच्या नोंदी आम्ही ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीवर करतो. अभ्यासिकेतील मुले-मुली स्पर्धा परीक्षांचे अर्ज येथूनच भरतात, आणि शेवटच्या तारखेच्या दिवशी अर्जाचे पान गोठून राहिले म्हणजे त्यांच्या जिवाची जी घालमेल होते ती मी समोर बसून पाहिलेली आहे. शिवाय सुरक्षित संकेतस्थळांवरील माहितीच्या कूटलेखनासाठी प्रोसेसरमध्ये जी वेगळी सोय असते, ती इंटेलने जी६३० मध्ये दिलेली नाही. तेव्हा चार कोअरचा प्रोसेसर घालणे हा नव्या संगणकांपेक्षा फार कमी खर्चाचा आणि पूर्णपणे व्यवहार्य मार्ग होता.

आपल्या संकेतस्थळाच्या ‘जुन्या ग्राहकांसाठी अपग्रेड’ या विभागात कोअर आय५-३४७० हा प्रोसेसर तपासून घेतलेला, रिफर्बिश्ड (वापरलेला, पुन्हा विक्रीयोग्य केलेला) माल म्हणून २,३५० रुपयांना विक्रीस होता आणि त्याखाली दिलेल्या सुसंगत संगणकांच्या यादीत आमच्या मॉडेलचे नाव स्पष्टपणे छापलेले होते. तरीही खात्रीसाठी मी ई-मेलने विचारणा केली. त्यावर ‘आपल्या मॉडेलमध्ये ११५५ सॉकेट असल्यामुळे हा प्रोसेसर चालेल, अन्य काही बदल करण्याची आवश्यकता नाही,’ असे उत्तर आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हाच प्रोसेसर यापेक्षा कमी किमतीत मिळतो, याची आम्हाला कल्पना होती. पण वाचनालयाचा पैसा लोकांचा आहे, त्याचे लेखापरीक्षण होते, आणि ज्यांनी संगणक बनवला त्यांनीच लेखी हमी दिलेली वस्तू घेणे हे मंडळाला अधिक योग्य वाटले. प्रथम एकाच संगणकासाठी खरेदी करावी आणि तो नीट चालला तर उरलेल्या दोन संगणकांसाठीही मागवावे, असे मंडळाने ठरवले होते.

आमच्या गावातील संगणक दुरुस्तीच्या अनुभवी कारागिरांकडून प्रोसेसर बसवून घेतला. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवी लावली, कूलर घट्ट बसवला, आणि संगणक सुरू केला असता पंखा फिरू लागला, पण पडद्यावर एकही अक्षर उमटले नाही. थोड्या वेळाने संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि हेच चक्र चालू राही. रॅमच्या पट्ट्या एकेक करून बदलून पाहिल्या, बायोसची (संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या, मदरबोर्डातील मूळ प्रोग्रामची) लहान बॅटरी काढून मूळ सेटिंग आणून पाहिले, तरी काही फरक पडला नाही. जुना पेंटियम परत बसवताच मात्र तोच संगणक पहिल्यासारखा निमूटपणे सुरू झाला. त्यानंतर कारागिरांनी आय५-३४७० हा प्रोसेसर त्यांच्याकडील दुसऱ्या एका एच६१ मदरबोर्डावर बसवला. त्या बोर्डाचा बायोस नंतरच्या आवृत्तीचा आहे. तेथे तो लगेच ओळखला गेला आणि व्यवस्थित चालला. प्रोसेसर आणि आमचा मदरबोर्ड दोन्ही धडधाकट आहेत, हे यावरून उघड होते.

दोष कोठे आहे हे सांगण्यासाठी फार मोठ्या तज्ज्ञतेची गरज नाही. इंटेलने ११५५ हा एकच सॉकेट प्रोसेसरच्या दोन पिढ्यांसाठी वापरला : जानेवारी २०११ मध्ये आलेली, ३२ नॅनोमीटर निर्मिती-तंत्राची सँडी ब्रिज, आणि एप्रिल २०१२ मध्ये आलेली, २२ नॅनोमीटर तंत्राची आयव्ही ब्रिज. पेंटियम जी६३० पहिल्या गटातला आहे आणि आय५-३४७० दुसऱ्या. दोन्ही एकाच सॉकेटमध्ये नेमके बसतात, परंतु मदरबोर्डातील बायोसमध्ये नव्या पिढीची ओळख आणि त्यासोबत चिपसेटमधील मॅनेजमेंट इंजिन या लहान नियंत्रकाचे नव्या पिढीचे फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम) असल्याशिवाय एच६१ चा बोर्ड आयव्ही ब्रिज प्रोसेसर सुरू करू शकत नाही. आमच्या संगणकाच्या बायोसवर २०११ सालची तारीख आहे, म्हणजे तो बायोस आय५-३४७० बाजारात येण्यापूर्वीचा आहे. जो प्रोसेसर अद्याप विक्रीलाच आलेला नव्हता, त्याची ओळख त्या बायोसमध्ये असण्याची अपेक्षा करताच येत नाही. सॉकेट जुळणे आणि प्रोसेसर चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सामान्य ग्राहकाला हे माहीत नसले तरी मदरबोर्डाचा बायोस स्वतः तयार करून देणाऱ्या कंपनीला ते माहीत असायलाच हवे. आपल्या यादीत आणि आपल्या ई-मेलमध्ये नेमकी हीच अट सांगायची राहून गेली.

बायोस अद्ययावत करून हा प्रश्न सुटू शकला असता. जुना पेंटियम बसवलेला असताना नवी फाइल चढवायची आणि मग प्रोसेसर बदलायचा, एवढेच काम आहे. पण आपल्या संकेतस्थळावर आमच्या मॉडेलच्या पानावरून बायोसच्या सर्व फाइली काढून टाकलेल्या आहेत, आणि हा मदरबोर्ड आपल्यासाठी खास बनवलेला असल्यामुळे अन्य कोणाकडेही त्याची योग्य फाइल मिळत नाही. ज्या संगणकाची फाइल आपण उपलब्ध ठेवलेली नाही, त्याच संगणकासाठी, ती फाइल असल्याशिवाय चालूच न शकणारी वस्तू आपण विकावी, हे मला अतिशय अयोग्य वाटते.

सर्व्हिस सेंटरमध्ये आमचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या कर्मचारी ताई सौजन्याने बोलल्या, याची मी नोंद घेतो. परंतु तेथून आम्हाला जो लेखी अहवाल देण्यात आला, तो मी मान्य करू शकत नाही. त्यात ‘ग्राहकाने बसवताना प्रोसेसरच्या पिना वाकवल्या, त्यामुळे वॉरंटी लागू नाही’ असे लिहिले आहे. एलजीए ११५५ प्रकारच्या प्रोसेसरला पिना नसतातच. त्याच्या खालच्या बाजूला सपाट सोनेरी संपर्कबिंदू असतात. पिना असतात त्या मदरबोर्डावरील सॉकेटमध्ये, आणि आमच्या सॉकेटमधील पिना सरळ आहेत, अन्यथा जुना प्रोसेसर त्यावर आजही चालला नसता. प्रोसेसरच्या खालच्या बाजूची आणि सॉकेटची जवळून घेतलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वस्तू हातात घेऊन न पाहता असा अहवाल लिहिला गेला असावा, असा निष्कर्ष मला नाइलाजाने काढावा लागतो, आणि या एका वाक्याने वाचनालयाच्या माथी जो निष्काळजीपणाचा ठपका आला आहे, तो लेखी मागे घेतला जावा अशी माझी आग्रहाची मागणी आहे. पुढच्या मंडळाच्या बैठकीत हा अहवाल मला सर्वांसमोर ठेवायचा आहे, आणि त्यातील खोटे विधान मी तसेच राहू देणार नाही.

नकाराचे दुसरे कारण ‘सील उघडलेले आहे आणि थर्मल पेस्ट लागलेली आहे’ असे देण्यात आले. प्रोसेसर पाकिटातून काढून, पेस्ट लावून, कूलर बसवल्याशिवाय तो चालतो की नाही हे जगातील कोणत्याही ग्राहकाला कळू शकत नाही. ज्या कृतीखेरीज वस्तूची पारख होत नाही, त्याच कृतीमुळे परतीचा हक्क जातो असे मानले, तर त्या हक्काला काही अर्थच उरत नाही.

तिसरी बाब मला सर्वांत गंभीर वाटते. फोनवर आपल्या तांत्रिक विभागातून मला असा सल्ला मिळाला की, दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या एच६१ मदरबोर्डाची बायोस फाइल शोधून ती चढवून पाहावी. चिपसेट एक असला तरी निरनिराळ्या बोर्डांवरील पंख्याचे व तापमानाचे नियंत्रण, नेटवर्कची चिप, बायोसच्या चिपची क्षमता आणि जोडणी वेगवेगळी असते. चुकीची फाइल चढली तर बोर्ड सुरूच होत नाही, आणि मग बायोसची आठ पायांची चिप बाहेरून प्रोग्रामर हे उपकरण लावून पुन्हा लिहावी लागते. ही सोय प्रत्येक गावात नसते. आमच्या कारागिरांनी हा प्रयोग करण्यास नकार दिला आणि मलाही त्यांचेच म्हणणे पटले. हा सल्ला यापुढे आपल्याकडून कोणत्याही ग्राहकाला दिला जाऊ नये. चालता संगणक त्यात कायमचा बंद पडेल, आणि तेव्हाही कदाचित ग्राहकालाच दोष दिला जाईल.

‘संगणक फार जुना झाला आहे, विंडोज ११ त्यावर चालत नाही, नवा घ्यावा,’ असेही सुचवण्यात आले. आमच्या तिन्ही संगणकांवर लिनक्स आहे आणि ती प्रणाली या यंत्रांवर उत्तम चालते, त्यामुळे हा मुद्दा आम्हाला लागू होत नाही. तसा तो असता, तरी त्याच जुन्या संगणकासाठी आपण अपग्रेड विकत होता, हे सत्य त्याने बदलत नाही.

आमची पहिली पसंती अशी आहे की, आपण आमच्या मॉडेलसाठी आयव्ही ब्रिज ओळखणारा, योग्य मॅनेजमेंट इंजिन फर्मवेअरसह असलेला बायोस अधिकृतपणे द्यावा आणि तो सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाकडून, आपल्या जबाबदारीवर, विनामूल्य चढवून द्यावा. आय५-३४७० हा ७७ वॅटचा, म्हणजे अधिक उष्णता देणारा, असून आमचा मूळ कूलर ६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत आलेला आहे, तेव्हा तो कूलर पुरेसा आहे की नाही हेही त्या वेळी लेखी कळवावे. असा बायोस आपल्याकडे नसेल, तर आय५-२४००एस हा दुसऱ्या पिढीचा, चार कोअरचा आणि ६५ वॅटचाच प्रोसेसर बदली म्हणून द्यावा. मात्र तो आमच्या सध्याच्या बायोसवर चालतो याची चाचणी आमच्यासमोर व्हावी, कारण केवळ यादीवर विसंबून दुसरी खरेदी करण्याची आता आमची तयारी नाही. आय५-२४०० आम्ही मुद्दाम मागत नाही. तो ९५ वॅटचा आहे आणि या लहान पेटीत त्याची उष्णता कितपत निभावेल याची मला शंका आहे. हे दोन्ही शक्य नसेल, तर पूर्ण किंमत आणि दोन्ही बाजूंचा टपालखर्च परत करावा.

यांपैकी काहीही झाले तरी संकेतस्थळावरील यादी दुरुस्त होणे मला आमच्या पैशांइतकेच महत्त्वाचे वाटते. शाळा, लहान वाचनालये, गावोगावचे टंकलेखन वर्ग यांच्याकडे या काळातील संगणक अजून चालू स्थितीत आहेत, आणि ते सर्वजण आमच्याप्रमाणेच आपल्या छापील शब्दावर विश्वास ठेवून पैसे भरतील. प्रत्येक मॉडेलपुढे किमान कोणत्या आवृत्तीचा बायोस लागतो आणि ती फाइल कोठे मिळते, एवढे लिहिले तरी पुरे आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूच्या गुणवत्तेविषयी किंवा उपयुक्ततेविषयी चुकीचे निवेदन करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, तसेच तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत तिचे निवारण करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. या मुदतीत समाधानकारक निर्णय न मिळाल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. रक्कम लहान असली तरी मंडळाने तसा ठराव केलेला आहे.

बिलाची प्रत, सुसंगततेच्या यादीचे आणि ई-मेलचे छापील उतारे, सर्व्हिस सेंटरचा अहवाल, बायोसची तारीख दाखवणाऱ्या पडद्याचे छायाचित्र आणि कारागिरांचे लेखी निवेदन या पत्रासोबत जोडले आहे. प्रोसेसर मूळ पाकिटात सुरक्षित ठेवलेला असून आपला प्रतिनिधी वाचनालयाच्या वेळेत केव्हाही येऊन तो आणि संगणक दोन्ही तपासू शकतो. चाचणीच्या वेळी आमचे कारागीर उपस्थित राहतील.

आपला विश्वासू,
कार्यवाह,
सार्वजनिक वाचनालय